कोणत्या सालातलं सावदा?

फैजपूरला रेल्वे नाही. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता गावातून जातो, एसटी आहे, केळीचे ट्रक तर रात्रंदिवस चालू असतात. पण रूळ बघायचे तर सावदा स्टेशन गाठावं लागतं, आणि ते सावदा गावातही नाही. गावापासून बरंच लांब, शेतांच्या मधोमध आहे. ज्या गावाला रेल्वे नाही त्या गावात रेल्वेचं वेड जास्त, असं माझं मत आहे. भुसावळचा माणूस शंटिंगच्या आवाजात झोपतो नि शंटिंगच्या आवाजात उठतो. इंजिनाचं त्याला काय कौतुक? आम्हा फैजपूरकरांना मात्र गाडी धरणं म्हणजे आधी बस, मग रिक्षा, मग फलाटावरचं थांबणं, आणि त्या थांबण्यातच निम्मं वेड लागतं.

या वेडातून मी छोटे लेआउट करायला लागलो. छोटे म्हणजे खरोखर छोटे. मोडीत निघालेला कॅरमबोर्ड, जुन्या कपाटाचं दार, लग्नाच्या आहेरात आलेल्या भिंतीवरच्या घड्याळाचा खोका, असं जे हाताला लागेल त्यावर बसतील एवढे. एक फलाट, दोन रूळ, एखादं झाड, आणि पाठीमागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं साल. पाहुणे येतात ते समोरून बघतात आणि विचारतात, गाडी चालते का? चालते. पण माझा सगळा जीव त्या पाठीमागच्या सालात अडकलेला असतो.

खेळण्यातल्या गाडीला साल नसतं. जत्रेतली चावीची आगगाडी कोणत्या काळातली, हे कुणी विचारत नाही. पण फलाटावर एक माणूस उभा केला की प्रश्न सुरू होतात. त्याच्या डोक्यावर काय आहे? पागोटं, गांधी टोपी, की उघडं डोकं? हातात ट्रंक, होल्डॉल की चाकांची बॅग? सिग्नल हाताचा की दिव्यांचा? स्लीपर लाकडाचे की सिमेंटचे? रुळांच्या मधल्या खडीचा रंगसुद्धा साल सांगतो. डब्यांना बायो-टॉयलेट बसली नव्हती तोवर फलाटालगतच्या खडीवर जे डाग असत, ते दाखवायचे की नाही, हा प्रश्न किळसवाणा वाटला तरी टाळता येत नाही. मी दाखवतो. पातळ केलेला तपकिरी रंग, जुन्या टूथब्रशने, अगदी हलक्या हाताने.

युरोपातल्या मॉडेलवाल्यांनी याची रीतसर विभागणी करून टाकली आहे. तिथल्या संघटनांच्या महासंघाचं, मोरोपचं, एक मानकच आहे: रेल्वेच्या इतिहासाचे सहा कालखंड, त्यांना रोमन आकडे. जर्मनीपुरतं बोलायचं तर पहिला साधारण १९२० पर्यंत, दुसरा महायुद्ध संपेपर्यंत, तिसरा तिथून १९७० पर्यंत, चौथा जर्मनी पुन्हा एक होईपर्यंत. डबा विकत घ्यायचा तर खोक्यावर तो आकडा छापलेला असतो. तिसऱ्या कालखंडाचं इंजिन आणि पाचव्याचे डबे एकत्र लावले की जाणकार भुवया उंचावतात. ही शिस्त मला आवडते, आणि थोडी भीतीही वाटते तिची. त्यांच्या भिंती युद्धांनी आणि सरकारांनी बांधल्यात. खानदेशात त्या भिंती कुठे घालायच्या?

कागदावर घालता येतात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरला कापूस मिळेना, खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्याच दशकात जीआयपी रेल्वेचे रूळ थळघाट चढून आमच्याकडे आले. १८६६ मध्ये भुसावळहून खंडवा, पुढच्या वर्षी नागपूर, आणि ७ मार्च १८७० ला जबलपूरपाशी मुंबई-कलकत्ता जोडणी पुरी झाली. हा पहिला काळ. १९२५ मध्ये जीआयपी कंपनीच्या हातून सरकारकडे गेली, हा दुसरा. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे जन्मली, हा तिसरा. १९७४ मध्ये भुसावळला विजेच्या इंजिनांचा कारखाना सुरू झाला, तो चौथा धरू. पुढचं आजचं.

पहिल्या काळावरून आठवलं. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’मधला फिलिअस फॉग १८७२ च्या ऑक्टोबरात याच मार्गाने गेला. त्याची गाडी खानदेशातून जाते, बऱ्हाणपूरला थांबते, तिथे त्याचा नोकर सपाता विकत घेतो. बऱ्हाणपूरला पोचायचं तर सावद्यावरून जाण्यावाचून गाडीला गत्यंतर नव्हतं. पुढे मात्र व्हर्नने लाइन अर्धवट ठेवली आहे, म्हणून फॉगला हत्ती घ्यावा लागतो. खरी लाइन दोन वर्षांपूर्वीच पुरी झाली होती! जगातल्या बहुधा सगळ्यात गाजलेल्या रेल्वेप्रवासात साल चुकलेलं आहे आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. हत्ती मिळाला, आणि गोष्ट रंगली.

तर कागदावर भिंती घातल्या, पण भुसावळच्या फलाटावर उभं राहिलं की त्या पडतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईहून खंडव्याकडे निघालेल्या माणसाचा प्रवास घ्या. व्हीटीपासून इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्ट डीसीची वीज, जीआयपीने १९३० च्या आसपास घाटापर्यंत नेलेली. घाटात मालगाड्यांना ती ‘खेकडा’ नावाने ओळखली जाणारी, १९२० च्या दशकात बांधलेली स्विस धाटणीची इंजिनं. इगतपुरीला इंजिन बदलायचं, कारण पुढे २५ हजार व्होल्ट एसी, नुकतीच आलेली. त्या नव्याकोऱ्या विजेवर भुसावळपर्यंत यायचं. आणि भुसावळला? विजेचं इंजिन सुटणार, आणि पुढे आमच्या खंडव्याच्या अंगाला डिझेल लागणार, नाही तर सरळ वाफेचं इंजिन. म्हणजे एकाच तिकिटावर, एकाच दिवसात, त्या माणसाने तीन कालखंड ओलांडले, आणि तेही उलटसुलट क्रमाने. नव्याकडून जुन्याकडे.

युरोपच्या मानकात हा फलाट कुठे बसवणार?

मी माझ्यापुरता एक नियम करून घेतला आहे. जुनं नव्यात चालतं, नवं जुन्यात चालत नाही. पाठीमागे १९७२ लिहिलं की १८८० चं दगडी गोदाम चालेल, १९२५ चा सिग्नल चालेल, कुंपणाला गाडलेला जीआयपीच्या काळातला रूळ तर चालेलच चालेल. रेल्वेच्या हद्दीत असे जुने रूळ खांब होऊन उभे असतात, कित्येकांच्या अंगावर बनावटीचं साल उठलेलं असतं. पण १९७३ चा एक खिळासुद्धा नको. साल ही एका अंगाने उघडणारी चौकट आहे. मागचं सगळं आत येऊ शकतं, आणि पुढचं काहीही नाही. या एका नियमाने माझं बरंच काम सोपं झालं आणि बरंच अवघड. कारण प्रत्येक वस्तूला आता मी एकच प्रश्न विचारतो: तू केव्हा आलीस? कुठून आलीस, छान दिसतेस का, हे नंतर.

आता मापाचं. हे जरा रुक्ष आहे, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाजारात सगळ्यात सहज मिळतात ते एचओ मापाचे रूळ. दोन रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, प्रमाण एकास सत्त्याऐंशी. युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला ते नेमकं बसतं. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागलं तर सव्वाएकोणीस येतात. म्हणजे एचओ मापात आपलं इंजिन नीट बांधून त्या रुळांवर ठेवलं तर मोठ्या माणसाने पोराच्या चपलेत पाय घातल्यासारखं दिसतं. हौशी लोक याकडे काणाडोळा करतात. मी बरेच दिवस केला. मग एकदा उलटा भागाकार करून बघितला: १६७६ भागिले साडेसोळा. उत्तर एकशे एक पूर्णांक काहीतरी. म्हणजे एकास शंभर धरलं की बाजारातलेच रूळ आपल्या ब्रॉडगेजला जवळजवळ चपखल बसतात! आणि एकास शंभर हे वास्तुरचनाकारांचं रोजचं माप. त्यांच्या मॉडेलांसाठी विकली जाणारी माणसं, झाडं, बाकडी सगळी त्या मापात मिळतात. फक्त ती माणसं सूटबूट घालून मॉलकडे निघालेली असतात. त्यांना धोतर नेसवावं लागतं. टिश्यूपेपर आणि पातळ केलेला फेव्हिकॉल.

शंभराचं आणखी एक सुख म्हणजे आकडेमोड तोंडी होते. ब्रॉडगेज म्हणजे साडेपाच फूट, साधारण मध्यम उंचीच्या माणसाएवढं. म्हणून माझ्या फलाटावरचा माणूस आडवा ठेवला तर बरोबर दोन रुळांत मावतो. उंची तपासायला पट्टी लागत नाही. वेगही कळतो: ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा सेंटिमीटर. आणि इथेच छोट्या लेआउटची खरी अडचण सुरू होते. आजची चोवीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते; शंभराने भागली तरी सव्वापाच मीटरच्या पुढे जाते. माझ्या दिवाणखान्याची लांबी त्याहून कमी आहे. चार डबे लावून तिला एक्स्प्रेस म्हणायचं का? अनेक जण म्हणतात. माझ्या मते लबाडी करण्यापेक्षा गाडी न दाखवणं बरं. फलाट रिकामा, सिग्नल पडलेला, माणसं उठून सामान उचलताहेत. गाडी येणार एवढं सगळ्यांना ठाऊक.

सालांपैकी फैजपूरच्या माणसाला एक साल टाळता येत नाही. २७ आणि २८ डिसेंबर १९३६. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव, आणि गावोगाव राबणारे धनाजी नाना चौधरी, ज्यांच्या नावाचं महाविद्यालय आज गावात आहे. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावून घेतलं आणि सांगितलं की गावात मिळेल त्याच सामानातून नगर उभारायचं. नंदलालांनी बांबू घेतला. बांबू, तट्ट्या, गवत, दोरखंड. तिलकनगर त्यातून उभं राहिलं आणि अधिवेशन संपल्यावर उतरवलंही गेलं. फैजपूर हे नाव देशाच्या इतिहासात गेलं ते अशा एका नगरामुळे, जे काही दिवसांसाठीच होतं. मला तर ते नगर म्हणजे एक प्रचंड मॉडेलच वाटतं, एकास एक मापातलं.

त्या सालाचा लेआउट मी एका पाटावर केला. त्यावर अधिवेशन नाही. स्टेशन आहे. देशभरातून माणसं आली ती रेल्वेने, आणि उतरली सावद्याला. तिथून बैलगाड्या, मोटारी, पायी. मी स्टेशनबाहेरचं आवार निवडलं, जिथे रूळ संपतात आणि बैल सुरू होतात. आवारातल्या बांबूच्या कमानीसाठी उदबत्तीच्या काड्या वापरल्या. उदबत्तीची काडी साधारण दीड मिलिमीटर जाड. शंभर पटीने पंधरा सेंटिमीटर होते, म्हणजे बांबू नव्हे, ओंडका. म्हणून ती ओली करून ब्लेडने उभी चिरायची, चार चिरोट्या काढायच्या, त्यातली सरळ निघेल ती ठेवायची. चिरताना वास दरवळतो, मोगऱ्याची असेल तर मोगऱ्याचा, आणि घरातले विचारतात की आज पूजा कशाची. कमानीच्या गाठींना शिवणाचा दोरा जाड पडतो. पैठणीच्या काठातून सुटलेला रेशमी धागा उकलून त्यातली एक तार घेतली तेव्हा ती गाठ दोरखंडाची वाटली. चिमट्याने एक गाठ मारायची, श्वास रोखून, आणि फेव्हिकॉलचा कण टाचणीच्या टोकाने लावायचा. पंखा बंद. डिसेंबरात ठीक; मे महिन्यात खानदेशात पंखा बंद करून बांबूची कमान बांधणं म्हणजे देशभक्तीची परीक्षा आहे.

त्या पाटाला नुसतं साल पुरलं नाही, महिनाही लागला. डिसेंबर म्हणजे कपाशीची वेचणी आणि ज्वारी कणसात आलेली. काळी माती मी आमच्याच शेताच्या बांधावरून आणली, वाळवली, मलमलच्या फडक्यातून चाळली. तरीही लेआउटवर ती ढेकळांसारखी दिसली. खरी माती लहान होत नाही. पाणीही होत नाही. थेंब थेंबाएवढाच राहतो. शेवटी मातीच्या रंगाचा रंगच वापरावा लागला आणि खऱ्या मातीची नुसती पूड त्यावर फुंकली, तेवढ्याने रंगात जीव आला.

आणि मग पाण्याचे माठ. १९३६ च्या स्टेशनावर हिंदूंचं पाणी वेगळं, मुसलमानांचं वेगळं. देशभर तशीच रीत होती. मॉडेल बनवणाऱ्यांत एक गोड प्रवृत्ती असते: काळ निवडायचा आणि त्यातलं जे सुंदर ते घ्यायचं. धूर, शिट्टी, पितळी घंटा, तिसऱ्या वर्गाच्या लाकडी डब्यांच्या खिडक्या. तिसऱ्या वर्गात माणसं कशी कोंबलेली असत हे सोयीने राहून जातं, कारण एवढी माणसं रंगवायला कोण बसणार? माठांच्या बाबतीत मी बराच घुटमळलो. ज्या आवारात सगळ्या देशाला एक करायला निघालेली माणसं उतरताहेत, त्याच आवारात दोन माठ. न ठेवले तर कुणाला कळणार नव्हतं. ठेवले. पाट्याही लिहिल्या. एकास शंभर मापात ती अक्षरं अर्धा मिलिमीटर उंचीची होतात, बिनभिंगाची वाचता येत नाहीत. आजवर एकाच पाहुण्याने भिंग मागितलं. शाळकरी मुलगी होती. तिने वाचलं आणि विचारलं, मग तहान लागली की आधी हे बघायचं का? हो म्हणालो.

सालाच्या या काटेकोरपणावर उतारा हवा असेल तर पुण्याला जावं. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ ला सुरू झालेलं. मराठी माणसाने या छंदात केलेलं हे सगळ्यात मोठं काम, असं मी बेधडक म्हणेन. तिथे एक अख्खं शहर आहे, त्यात दिवस मावळतो, दिवे लागतात, आणि वाफेची गाडी, डिझेलची, विजेची, वेगवान नव्या जमान्याची अशा सगळ्या एकाच शहरातून धावतात. माझ्या नियमाप्रमाणे सगळं चूक. नव्या गाडीच्या शेजारून वाफेचं इंजिन डौलात जातं. ते जुनं असल्याने खरं तर माझ्या नियमात बसतंही, पण इतका बारीक विचार करायला तिथे सवड मिळत नाही. बाजूची पोरं ओरडत असतात, आणि आपणही. भाऊसाहेबांनी साल निवडलं नाही, त्यांनी रेल्वे निवडली. प्रेक्षकांना बोलावून दाखवायचं असेल तर तेच योग्य. एकट्याने बसून करायचं असेल तर साल हवं.

रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांत मॉडेल रूम असते, आणि भुसावळलाही अशी संस्था आहे. तिथल्या छोट्या गाड्यांचा हेतू वेगळाच. स्टेशन मास्तर व्हायला आलेल्या पोरांनी त्यावर ब्लॉक घ्यायचा, लाइन क्लिअर द्यायची, सिग्नल पाडायचा. झाड नको, माणूस नको, ऋतू नको. नियम तेवढा खरा. मला हा विचार फार गमतीचा वाटतो की लहान गाडीचा सगळ्यात गंभीर उपयोग करणाऱ्यांना साल लागतच नाही.

आमच्या जिल्ह्यातली एक गाडी मात्र स्वतःच छोटी होती. पाचोरा-जामनेर, जिला सगळे ‘पीजे’ म्हणत. अडीच फुटी नॅरोगेज, छप्पन्न किलोमीटर, शेंदुर्णी, पहूर अशी गावं घेत जाणारी, शंभर वर्षांहून जुनी. मूठभर डबे, पुढे डिझेल इंजिन, आणि आत मावतील त्याहून अधिक माणसं. छोट्या लेआउटसाठी देवाने पाठवलेली गाडी! अख्खी गाडी पाटावर मावते, काही कापावं लागत नाही. आणि मापाची गंमत बघा: ब्रॉडगेजने ज्या सत्त्याऐंशीच्या प्रमाणात मला छळलं, त्याच प्रमाणात हिचे ७६२ मिलिमीटर पावणेनऊ होतात, आणि एन मापाचे नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. एवढा फरक डोळ्याला दिसत नाही. म्हणजे पाचोऱ्याचं जंक्शन, जिथे मोठी आणि छोटी गाडी शेजारी उभ्या राहत, ते मात्र मला बाजारातल्या रुळांवर कधीच करता येणार नाही. मोठीला शंभर लागतात, छोटीला सत्त्याऐंशी. एका फलाटावर दोन उंचीची माणसं उभी करावी लागतील.

पीजेला साल लावणं सोपं आणि त्रासदायक. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि नॅरोगेजवर पुन्हा धावली नाही. ब्रॉडगेजचं काम निघालं. त्यामुळे तिच्या पाटामागे २०१९ लिहिलं. यात मोबाइलवर बोलणारा प्रवासी आहे, डिश अँटेनाचं घर आहे, फाटकाशी थांबलेल्या मोटारसायकली आहेत. लोकांना हे पटत नाही. नॅरोगेज म्हणजे वाफ हवी, कंदील हवा, जुनंपुराणं हवं, असा आग्रह असतो. पण मोबाइल आणि नॅरोगेज एकाच खिडकीत होते, हीच तर तिची खरी गोष्ट. कंदील लावून मी तिला तिच्या शेवटच्या प्रवाशांपासून तोडू का?

सध्या हातात आहे ते १९७५ मधलं सावदा. केळी. सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं केळीच्या वॅगनांनी गाजलेली. इथून माल दिल्लीकडे जायचा. पुढे ट्रक आले आणि रेल्वेचा हिस्सा घसरला. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला निघाली ती भुसावळवरूनच गेली, आणि त्या सुमारास केळी परत रुळांवर आली म्हणून गावात पेढे वाटल्यासारखा आनंद होता. तो पाट वेगळा करेन. १९७५ मध्ये खोकी नाहीत, क्रेट नाहीत. अख्खे घड, पाल्यात गुंडाळलेले, बैलगाडीतून फलाटापर्यंत.

केळीचं झाड करायला बसलो तेव्हा गल्लीतले एक आप्पा येऊन बसले. जन्मभर केळी केलेला माणूस. हिरव्या कागदाची पानं, मधोमध तांब्याची तार, कडेला ब्लेडने तिरप्या चिरा, कारण केळीचं पान वाऱ्याने फाटतंच. न फाटलेलं पान म्हणजे प्लास्टिकचं.

“काय करू राह्यले भाऊ?”

“केळी लावतोय आप्पा. पंच्याहत्तर सालची.”

त्यांनी चष्मा वर ढकलून एक झाड चिमटीत धरलं. “बसराई का?”

मी मान हलवली. बसराई ठेंगणी; पावणेदोन-दोन मीटर, म्हणजे माझ्या मापात अठरा-वीस मिलिमीटर. ग्रँड नैनची टिश्यूकल्चरची रोपं आमच्याकडे नव्वदच्या दशकात आली. ती सगळी एका उंचीची, एका दिवशी निसवणारी, रांगेत उभी. बसराईची बाग तशी नव्हे. कंद लावलेले, कुणी पुढे कुणी मागे. आप्पांनी माझ्या रांगांकडे बघितलं आणि बोटाने दोन झाडं जराशी वाकडी केली. गोंद ओला होता म्हणून बरं.

“पाणी कसं देता?”

“तुम्हीच सांगा.”

“पंच्याहत्तरला ठिबक नव्हती बरं. ती नंतर आली. पाट काढा. आणि विहिरीवर इंजिन ठेवा, डिझेलचं. लाइट होती काही ठिकाणी, पण भरवसा काय तिचा?”

पाट काढणं मलाही सोयीचं. ठिबकची नळी सोळा मिलिमीटरची; शंभराने भागली की केसाएवढी उरते, आणि शेकडो केस काळे रंगवून झाडांच्या बुडाशी चिकटवणं या वयात नको. मी पाटाची रेघ मारत होतो तेव्हा आप्पांनी खरा प्रश्न काढला.

“महिना कोणता धरला? मृगबाग का कांदेबाग?”

जूनची लागवड मृगबाग, पावसाळ्याच्या शेवटाला केलेली ती कांदेबाग. मी म्हणालो, वॅगन भरायची आहे, म्हणजे झाडाला घड हवेत.

“ते एका बाजूचं झालं. सगळ्यांची केळी एकाच वेळी कापणीला येते का कधी? शेजारच्याची आता लागली असंल.” त्यांनी रुळाच्या पलीकडचा मोकळा कोपरा दाखवला, जिथे मी चिंचेचं झाड लावणार होतो. “इथी रोपं लावा. टीचभर.”

एकास शंभरात टीचभर रोप दोन मिलिमीटरचं होतं. तेवढ्या पानाला ब्लेड चालत नाही, नखं कापायची वाकडी कात्री लागते. आप्पा ती घरून घेऊन आले आणि कागद दुमडून पहिलं रोप त्यांनीच कापलं. जरा मोठं झालं. त्यांना तसं म्हणायची माझी छाती झाली नाही. ते रोप तिथेच आहे, बाकीच्यांपेक्षा पंधरा दिवस आधी लावलेलं.